ऐतिहासिक प्रेमकादंबरी, घोड्यांच्या शर्यती आणि नायिका: घोडा कोणाच्या नावावर?

मांडवीकाठ

इंग्रजीत एका ठरावीक जातीच्या ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्या पुष्कळ आहेत. काळ साधारण 1800 ते 1820, देश इंग्लंड, शर्यतीच्या घोड्यांचा तबेला आणि तो तबेला स्वतः चालवणारी बाई. मी त्या आवडीने वाचते. पहाटेच्या धुक्यातली दौड, हजार हजार गिनींच्या पैजा, आणि तिच्याशी बरोबरीने बोलणारा एक पुरुष. आवडावं असंच आहे सगळं.

पण बहुतेक ठिकाणी नायिकेचं स्वातंत्र्य फक्त तिच्या जिभेवर असतं. ती फटकन उत्तर देते, आलेली स्थळं नाकारते, पुरुषी कपडे घालून रपेट मारते. शेवटी लग्न होतं आणि पुस्तक मिटतं. माझं मन तिथेच अडतं. त्या काळच्या इंग्रजी कायद्यात लग्न होताच बायकोची जंगम मालमत्ता नवऱ्याची व्हायची, आणि घोडा ही जंगम मालमत्ता. म्हणजे वाचक ज्या पानावर सुखावतो, त्याच पानावर तिचा तबेला दुसऱ्याचा झालेला असतो आणि लेखिका त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

मी मराठीत अशी कादंबरी लिहायला घेतली आहे. डोळ्यांसमोर एक खरी बाई आहे: अ‍ॅलिशिया थॉर्नटन. 1804 च्या ऑगस्टमध्ये यॉर्कच्या मैदानावर ती कॅप्टन फ्लिंट नावाच्या गृहस्थाविरुद्ध चार मैलांची शर्यत धावली. वय जेमतेम बावीस, दोन्ही पाय एका बाजूला ठेवायचं बायकांचं खोगीर. तीन मैलांहून जास्त अंतर कापेपर्यंत ती पुढे होती, मग मागे पडली. हरल्यावर गप्प बसली नाही. फ्लिंटने शर्यतीत आपल्याशी सभ्यपणे वागणूक केली नाही, असं तिने तिथल्या वर्तमानपत्रात छापून आणलं आणि पुढच्या वर्षी पुन्हा धावायचं आव्हान दिलं. 1805 मध्ये ती फ्रँक बकलविरुद्ध धावली. बकल म्हणजे त्या काळचा सर्वांत नावाजलेला जॉकी, डर्बी ही इंग्लंडची नामांकित शर्यत तोवर तीनदा जिंकलेला. दोन मैलांची ती शर्यत अ‍ॅलिशियाने अर्ध्या मानेने जिंकली. बकलच्या घोड्यावर चार स्टोन, म्हणजे पंचवीस किलो जास्त वजन होतं हे खरं, पण जिंकली.

आता पुढचं. ती 'मिसेस थॉर्नटन' म्हणून ओळखली जायची, पण कर्नल थॉर्नटनशी तिचं लग्न झालेलं नव्हतं. घोडे कर्नलचे होते, पैजही त्याने लावलेली. 1806 मध्ये त्याने दुसऱ्याच बाईशी लग्न केलं आणि त्यानंतर अ‍ॅलिशियाचा मागमूस लागत नाही. बकलला हरवणाऱ्या बाईच्या मालकीचं एक शिंगरूसुद्धा नव्हतं.

हे कळल्यापासून माझी नायिका बदलत चालली आहे. तिचं स्वातंत्र्य पानावर कुठे दिसावं, तिच्या बोलण्यात, स्वारीत की आणखी कशात? आणि मराठीत लिहायचं तर यॉर्कशायरला जावं की आपल्या गोव्यातच राहावं?

सत्तरीकर

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपल्याच इतिहासात आहे. मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यारं घेऊन चाकरीला येई. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. दोघेही तितकेच शूर असतील, दोघांची मांड तितकीच पक्की असेल, पण शिलेदाराला तनखा जास्त आणि मानही जास्त, कारण मनात आलं तर तो आपला घोडा घेऊन निघून जाऊ शके. बारगिराला चाकरी सोडली की पायी घरी जावं लागे.

तुमची अ‍ॅलिशिया बारगीर होती. कर्नल थॉर्नटनच्या पागेतली. म्हणून तो दुसरीकडे वळल्यावर तिच्या हाती काही उरलं नाही. कादंबरी लिहिताना एवढंच विचारा, माझी नायिका शिलेदार आहे की बारगीर? शेवटच्या पानावर ती कोण आहे?

बोलण्यातलं स्वातंत्र्य फुकट मिळतं. घोड्याला रोज दाण्याची चंदी लागते, त्याची निगा राखणाऱ्या मोतद्दाराचा पगार द्यावा लागतो, नालबंदाचे पैसे चुकते करावे लागतात. हे सगळं ज्या वहीत लिहिलं जातं ती वही कोणाच्या हातात आहे, ते दाखवा.

पुस्तकवेडी म्हापसा

सत्तरीकर, मुद्दा पटला, पण प्रेमकादंबरीच्या बाजूने मला बोलायचं आहे. या कादंबऱ्या वाचणाऱ्या बायका कायद्याचं पुस्तक वाचायला बसत नाहीत. दिवसभराचं काम उरकून, दुसऱ्या दिवशीचे नारळ खवून ठेवल्यावर रात्री अर्धा तास मिळतो. त्या अर्ध्या तासात एक बाई घोड्यावर बसून सगळ्यांच्या पुढे जाते, हे वाचण्यातलं सुख खरं आहे. माझ्या आईने शाळा सातवीत सोडली आणि हातात पडेल ती कादंबरी वाचली. त्यातल्या नायिकांनी तिला पुष्कळ दिलं. मला शिकवायचं तिने ठरवलं त्यात त्या पुस्तकांचा वाटा होता, असं ती स्वतः सांगायची.

म्हणून मांडवीकाठताई, हिशेबाची वही जरूर आणा, पण घोड्याची टाप ऐकू येऊ द्या. नायक-नायिकेची पहिली भेट पागेत व्हावी, वकिलाच्या कचेरीत नव्हे. आणि नायकाला आधी तिच्या घोड्याबद्दल काहीतरी बरोबर कळलेलं असावं. जो माणूस दुसऱ्याचं जनावर नीट पाहतो त्याच्यावर वाचकाचा विश्वास बसतो.

खडकीचा गोंयकार

मी मूळचा कुडचड्याचा, नोकरीत असेपर्यंत पुण्यात होतो. रेसकोर्सवर पहाटेचं गॅलप पाहायला बरीच वर्षं जात असे. पुण्याचा हंगाम पावसाळ्यातला, मुंबईला महालक्ष्मीचा हिवाळ्यातला. सईस (घोड्याची निगा राखणारे), जॉकी, ट्रेनर यांच्याशी बोलून जे कळलं आणि नंतर जे वाचलं त्यातलं उपयोगी पडेल ते लिहितो. प्रतिसाद लांबणार आहे.

पहिली गोष्ट खोगिराची. बायकांच्या खोगिराला आज जो खालचा वळलेला दांडा असतो, डाव्या मांडीवरून येणारा, तो 1830 च्या सुमाराला आला. त्या आधाराने बाई कुंपणावरून उडी मारूनही पक्की बसू शकते. अ‍ॅलिशियाच्या वेळी तो नव्हता. उजवा पाय वरच्या दांड्याला अडकवलेला, डावा रिकिबीत, बाकी सगळा तोल. तशा बैठकीवर चार मैल भरधाव जाणं काय असेल याची कल्पना करा. तुमची कादंबरी 1804 ची असेल तर नायिकेला सहा फुटी कुंपणांवरून उड्या मारायला लावू नका. तोल सांभाळताना कमरेला बसणारा पीळ, घोडा वळणावर झुकला की होणारी जिवाची घालमेल, हे लिहा. ते कोणी लिहीत नाही.

दुसरी गोष्ट शर्यतींची. डर्बी 1780 पासून, तिच्या आदल्या वर्षीपासून ओक्स ही फक्त घोड्यांच्या तीन वर्षांच्या माद्यांसाठी. 1801 मध्ये एलेनॉर नावाच्या मादीने नरांना मागे टाकून डर्बी जिंकली आणि दुसऱ्याच दिवशी ओक्सही जिंकली. मादीने डर्बी जिंकण्याची ती पहिली वेळ. तुमची नायिका 1804 मध्ये कोणाशी बोलत असेल तर हे नाव तिच्या तोंडी यायलाच हवं. गावागावांत ती चर्चा असणार.

तिसरी गोष्ट तालमीची. त्या काळी घोड्याला जाड झुली चढवून मैलोन्‌मैल पळवत, घाम काढून अंगावरची चरबी उतरवत. नंतर खरवडून घाम पुसायचा, कोरडं करायचं, पुन्हा झूल. आजचा कुठलाही ट्रेनर असं करणार नाही. माझ्या मनात असं येतं की तुमची नायिका हीच पद्धत मोडणारी असावी. तिने आपल्या घोडीला कमी पळवावं, जास्त चालवावं, आणि बाकीच्या तबेल्यांनी तिला नावं ठेवावीत. स्वतःचा तबेला आहे म्हणून ती हा निर्णय घेऊ शकते. दुसऱ्याच्या तबेल्यात तिला कोण करू देईल?

चौथी, आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी. घोडा ओळखणारा माणूस आधी पाय पाहतो. पुढच्या पायाच्या नळीमागून हात खाली फिरवत नेतो, कुठे ऊब लागते का ते बघतो. तिथली कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, सुजली की घोडा महिनोन्‌महिने गेला. मी एका म्हाताऱ्या सईसाला रोज पहाटे अंधारात हे करताना पाहिलंय. दिवा न लावता. बोटांनाच कळायचं. नायिकेची ओळख वाचकाला अशी करून द्या. शर्यतीच्या आदल्या रात्री तिला पायाला ऊब लागते, सगळ्या गावाने पैजा लावल्या आहेत, घोडी मागे घ्यायची की नाही हे तिने एकटीने ठरवायचं आहे.

मांडवीकाठ

खडकीचा गोंयकार, तुमचा प्रतिसाद वाचून मी उठून फेऱ्या मारल्या. आदल्या रात्रीचा प्रसंग मी घेणार. तुमची परवानगी आहे असं धरून चालते.

सत्तरीकर, शिलेदार-बारगीर वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

खडकीचा गोंयकार

आहेच. घ्या.

एला बंदर

कोणी गोव्याच्या घोड्यांबद्दल बोललंच नाही अजून. इंग्लंडच्या शर्यतीच्या घोड्यांचे नरांकडचे सगळे वंश पूर्वेकडून आणलेल्या तीन घोड्यांपर्यंत जातात: बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन, गॉडॉल्फिन अरेबियन. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून ते तिकडे पोचले. त्याच्या कितीतरी आधीपासून अरबी आणि इराणी घोडे जहाजांनी आपल्या बंदरात उतरत होते. आधी कदंबांचं गोपकपट्टण, मग एला म्हणजे आजचं जुनं गोवं. दक्खनेत चांगला घोडा पैदा होत नसे, आणि विजयनगर, बहामनी, मागाहून विजापूर, सगळ्यांना घोडदळ हवं. आल्बुकर्कने 1510 मध्ये गोवा घेतलं त्यामागे हा व्यापारही होता. आखातातून येणारा घोडा गोव्यातच उतरला पाहिजे, हे पुढे पोर्तुगीजांचं धोरण झालं. 1547 मध्ये विजयनगरशी तह झाला तेव्हाही घोडे कोणाला मिळायचे आणि कोणाला नाही हे त्यात ठरवलं गेलं.

फेर्नांव नुनिश हा पोर्तुगीज स्वतः घोड्यांचा व्यापारी. विजयनगरला राहिला आणि वृत्तांत लिहून गेला. तो लिहितो की राजा दरवर्षी तेरा हजार घोडे घेई, इराणच्या आखातावरच्या होर्मुझचे आणि देशी मिळून. त्याआधीच्या सालुव नरसिंहाबद्दल तो सांगतो की समुद्रात मेलेल्या घोड्याचीसुद्धा किंमत मिळायची, व्यापाऱ्याने फक्त शेपूट आणून दाखवायची.

ताई, यावर एक अख्खं प्रकरण उभं राहील. बंदरावर एक बाई शेपट्या मोजते आहे. त्यांतल्या काही शेपट्या एकाच घोड्याच्या तर नाहीत, हे तिला ओळखता येतं.

आणि नायिका कोण असावी तेही सुचवतो. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून पोर्तुगालचा राजा अनाथ मुलींना लिस्बनहून गोव्याला पाठवायचा. 'राजाच्या अनाथ मुली' असंच त्यांना म्हणत. हुंडा म्हणून मुलीच्या नावे सरकारी हुद्दा मिळायचा आणि तिच्याशी लग्न करणारा तो हुद्दा भूषवायचा. समजा एका मुलीच्या नावे आला बंदरावरच्या जकातीतला हुद्दा. हुद्दा तिच्यामुळे, काम नवऱ्याचं. तिला घोडा कळतो, नवऱ्याला कळत नाही. सत्तरीकरांचा प्रश्न इथेही तसाच लागू होतो.

पुस्तकवेडी म्हापसा

एला बंदर, अंगावर काटा आला. हे आम्हाला शाळेत कोणी का सांगितलं नाही?

नदीपलीकडे

एला बंदर यांनी सांगितलेलं खरं आहे. त्याला जोडून जे येतं तेही लिहावंच लागेल.

लिंसखोतेन हा डच माणूस 1583 ते 1588 गोव्यात होता. रुआ दिरैता या मुख्य रस्त्यावर रोज सकाळी लिलाव भरे, त्याचं वर्णन त्याने केलं आहे आणि पुस्तकात चित्रही आहे. त्या लिलावात अरबी घोडे विकले जात, आणि त्याच लिलावात माणसंही विकली जात. गुलाम बायका, पुरुष, मुलं. त्याच काळात, 1560 पासून, इन्क्विझिशन म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय होतं. घरं सोडून, देव घेऊन लोक नदी ओलांडून अंत्रुजात, म्हणजे फोंडा भागात, गेले. आज फोंड्याच्या मंगेशी, म्हार्दोळच्या देवळांत आपण जातो ते त्या स्थलांतरामुळेच.

मी हे कोणाला अडवण्यासाठी लिहीत नाही. पण लिलावाच्या चौकात उभी राहून नायिका घोड्याच्या नळीवरून हात फिरवत असेल तर चार हातांवर एक बाई विकायला उभी आहे, आणि नायिकेला ती दिसली पाहिजे. ती तिला दिसत नसेल तर मला त्या नायिकेचं स्वातंत्र्य नको. आणि दिसली तर नुसती प्रेमकथा लिहिणं फार अवघड होईल. तेवढी ताकद आणि वेळ असेल तरच सोळाव्या शतकात शिरा.

एला बंदर

मान्य. पूर्ण मान्य. इंग्लंडचा 1804 चा तबेलाही त्यातून सुटत नाही, तिथल्या कितीतरी उमरावांचा पैसा वेस्ट इंडीजच्या साखरेतून यायचा. गुलामांचा व्यापार इंग्लंडने बंद केला 1807 मध्ये, गुलामगिरी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. नायकाकडे हजार गिनी आल्या कुठून, हे नायिकेने विचारायला हवं.

नोटरीकडची मुलगी

वडील मडगावला नोटरी होते, त्यामुळे लग्नाआधीचे करार हा आमच्या घरी जेवणाच्या टेबलावरचा विषय असे. कायद्याचा भाग मी लिहिते.

इंग्लंडमध्ये एकवीस वर्षांवरची अविवाहित बाई किंवा विधवा स्वतःच्या नावे मालमत्ता ठेवू शकत होती, करार करू शकत होती, दावा लावू शकत होती. लग्न झालं की कायद्याच्या नजरेत तिचं वेगळं अस्तित्व नवऱ्यात विरून जाई. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचे कायदे 1870 आणि 1882 साली आले, म्हणजे तुमच्या गोष्टीनंतर दोन पिढ्यांनी.

पण पळवाट होती. लग्नाआधी मालमत्ता विश्वस्तांच्या नावे ठेवून 'केवळ पत्नीच्या स्वतंत्र उपभोगासाठी' असं लिहून घेता यायचं. चॅन्सरीचं न्यायालय ते मानायचं आणि नवऱ्याला त्याला हात लावता यायचा नाही. पैसेवाल्या घरांतले बाप मुलींसाठी असं करत. तुमच्या नायिकेचा बाप वारला असेल तर हे तिला स्वतःच करून घ्यावं लागेल. आणि नायकाने स्वतःहून ते सुचवलं तर? मला वाटतं, सगळ्या कादंबरीतला तोच प्रेमाचा प्रसंग. तो कागद घेऊन येतो, त्यात तिच्या प्रत्येक घोड्याचं नाव, रंग, वय लिहिलेलं आहे, आणि खाली त्याने आधीच सही केली आहे.

आता गोवा. पोर्तुगीज कायद्यात लग्नाचा ठरलेला प्रकारच मुळी अर्ध्या-अर्ध्या वाट्याचा होता. 1603 च्या फिलिपीन संहितेतही (राजा फिलिपच्या नावाची पोर्तुगीज कायदेसंहिता) तो होता आणि तिच्याही आधीपासून. वेगळा करार केला नाही तर दोघांची मालमत्ता एक होई आणि बायको अर्ध्याची मालकीण. 1867 चा नागरी कायदा गोव्यात 1870 पासून लागू झाला, त्यातही हेच. आज आपल्याकडे जो समान नागरी कायदा म्हणतात त्याचं मूळ तेच. कारभार मात्र नवऱ्याच्या हाती. जमीन-घर विकायला बायकोची सही लागे, पण जनावरं, पीक, रोजचा पैसा तो बघायचा. म्हणजे ज्या 1804 मध्ये यॉर्कच्या बाईला लग्नानंतर काहीच उरत नव्हतं, त्याच वर्षी लोटलीच्या एखाद्या ख्रिस्ती भाटकारणीला, म्हणजे जमीनदारणीला, कागदावर अर्धं घर होतं आणि हातात किल्ली नव्हती. हिंदू घरांचे रीतिरिवाज वेगळे, ते इथे आणत नाही.

दोन्ही ठिकाणची बाई एका कादंबरीत आणता येईल का? गोव्यातून इंग्लंडला गेलेली, किंवा उलट?

सत्तरीकर

नोटरीकडच्या बाय, तो कागदाचा प्रसंग वाचून मी गप्प झालो. फक्त एक हट्ट धरतो. सही आधी तिची असावी. अट तिने घालावी आणि तो विचार करायला वेळ मागून घेऊन मग हो म्हणावा. त्याने सगळं आयतं तयार करून आणलं तर घोडा पुन्हा पागेतूनच मिळाला, पागा तेवढी बदलली.

पुस्तकवेडी म्हापसा

नाही नाही, सत्तरीकर, इथे माझं तुमच्याशी जमत नाही. प्रेमात माणूस न मागता देतो ना? तिने अट घालायची, त्याने विचार करायचा, याला व्यवहार म्हणतात. वाचणारीला हवं असतं की कोणीतरी तिच्या मनातलं न सांगता ओळखावं. आयुष्यात हे फार कमी वेळा घडतं, म्हणून तर पुस्तकात हवं.

सत्तरीकर

तुम्ही म्हणता ते सुख मोठं आहे. पण न सांगता ओळखणारा माणूस उद्या न सांगता बदलतो. कर्नल थॉर्नटननेही तिला न मागता घोडा दिलाच होता की.

डिचोलीची सून

मी हा धागा रात्री पाळणा हलवता हलवता वाचला. शिगम्यात आमच्याकडे घोडेमोडणी होते. कमरेला घोड्याचा सांगाडा बांधून, हातात तलवार घेऊन पुरुष नाचतात, पोर्तुगिजांविरुद्ध राणे घराण्याच्या विजयाची आठवण म्हणून. लहानपणी मी माझ्या भावाला विचारायचे, मला कधी बांधाल? तो हसायचा. इतक्या वर्षांनी इथे कोणीतरी बाईला घोडा स्वतःच्या नावावर देण्याची गोष्ट करतंय, म्हणून लिहायला घेतलं.

शर्यतींचा इतिहास शोधताना मला पुढच्या काळातलं सापडलं ते सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातसुद्धा इंग्लंडात बायका आपले घोडे पुरुषी नावाने उतरवत. माँट्रोजची डचेस 'मिस्टर मँटन' या नावाने. लिली लँगट्री ही नटी 'मिस्टर जर्सी' या नावाने, आणि तिच्या मर्मन या घोड्याने 1897 मध्ये सिझारविच ही मोठी शर्यत जिंकली. स्वतःच्या घोड्याची मालकीण म्हणून डर्बी जिंकणारी पहिली बाई 1918 मध्ये, लेडी जेम्स डग्लस, घोडा गेन्सबरो. तालीम देण्याचा परवाना तर 1966 पर्यंत नाही. फ्लॉरेन्स नेगल यांना कोर्टात जावं लागलं. तोवर तबेला बाईने चालवायचा आणि परवाना तिच्या पगारी मुख्य सईसाच्या नावे काढायचा, अशी रीत होती.

मला हे वाचून सईसांबद्दल विचार आला. मालकिणीच्या नावाऐवजी ज्याचं नाव कागदावर लागतं तो माणूस काय विचार करत असेल? मांडवीकाठताई, नायिकेच्या तबेल्यात असा एक प्रामाणिक माणूस ठेवा. त्याच्या नावावर सगळं आहे, त्याला ते हडप करता येईल, आणि तो करत नाही. तिच्यासाठी तो नायकाइतकाच मोलाचा आहे.

खडकीचा गोंयकार

डिचोलीची सून, सईसाबद्दल कोणीतरी बोललं याचं बरं वाटलं. रेसकोर्सवर घोड्यासोबत चोवीस तास तोच असतो. रात्री त्याच्या शेजारी झोपतो. जिंकल्यावर फोटोत लगाम धरून उभा असतो आणि बातमीत त्याचं नाव नसतं.

नदीपलीकडे

आता कादंबरी माझ्या डोळ्यांसमोर येऊ लागली. सोळाव्या शतकाचा माझा आग्रह नाही, 1804 बरं. आणि ताई, भाषेची काळजी करू नका. मराठीला घोडा परका नाही. कुमैत, अबलख, पंचकल्याणी, दुडकी, भरधाव, खरारा, तोबरा, सगळं आपल्याकडे तयार आहे. इंग्रज बाईच्या गोष्टीतही ते शोभेल.

मांडवीकाठ

सगळ्यांचं वाचलं, काही प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले. ठरलं ते असं.

कादंबरी यॉर्कशायरमध्येच, 1804 ते 1806. अ‍ॅलिशिया त्यात दुरून दिसेल. माझी नायिका तिला शर्यत हरताना गर्दीतून पाहते, पुढच्या वर्षी जिंकताना पाहते, आणि त्याच दिवशी फ्लिंटने कर्नल थॉर्नटनला चाबकाने फोडून काढलेलंही पाहते. हे खरंच घडलं आहे. आदल्या वर्षीच्या पैजेचे हजार गिनी थॉर्नटनने दिले नव्हते, ती रक्कम केवळ लोकांना खेचण्यासाठी जाहीर केली होती असं त्याचं म्हणणं. दोन पुरुष पैशासाठी भांडतात आणि जिने ती शर्यत धावली तिला कोणी काही विचारत नाही. माझी नायिका तिथून घरी येते ती ठरवूनच, की घोडी आपल्या नावावरची असेल तरच मैदानात उतरवायची.

ती चोवीस वर्षांची, अविवाहित, बापाच्या मृत्युपत्रामुळे मालकीण. घाम काढण्याची पद्धत ती मोडते. आदल्या रात्री पायाला ऊब लागते आणि ती घोडी मागे घेते. गाव तिच्यावर थुंकतं. नायक तेव्हा भेटतो, पैजेत पैसे गेलेला, पागेत येऊन तो आधी घोडीचा पाय बघतो. पुस्तकवेडी, हे तुमच्यासाठी. त्याच्या घरचा पैसा साखरेचा आहे, हे तिला मध्यावर कळतं आणि त्यांचं लग्न तिथे मोडता मोडता राहतं. तो काय सोडतो यावर पुढचं अवलंबून. सही आधी तिची. सत्तरीकर जिंकले, पण थोडेच. अट तिची असते आणि घोड्यांची यादी त्याने तिच्या नकळत आधीच पाठ केलेली असते.

मुख्य सईसाला पूर्ण प्रकरण देते आहे.

एक अडलंय. मागे घेतलेल्या घोडीला त्या दिवसांत काय देत असतील? पाय सुजलेला, काम बंद. ओट तसेच चालू ठेवले तर?

खडकीचा गोंयकार

अजिबात नाही. काम बंद आणि दाणा चालू, तर घोडी मस्तीला येते, पोटात कळा येऊ शकतात, पायही आणखी बिघडतात. ओट लगेच कमी. कोंड्याची गरम पेज, चांगलं सुकं गवत, पाणी भरपूर. पायावर गार पाणी, दिवसातून पुष्कळ वेळा. यॉर्कशायरला ओढा असेलच, पाण्यात उभी करा. पट्टी बांधायची तर फार आवळून नाही. आणि ताई, चार-पाच दिवसांनी घोडी कंटाळते, दाराला लाथा घालते, दावणीचं लाकूड चावत बसते. ते जरूर लिहा. सोबतीला तबेल्यात एक बकरी बांधा, तशी जुनी रीत आहे, घोडी शांत राहते.

डिचोलीची सून

बकरीला नाव मी देणार!